करमाडची माती आणि आमची गच्ची

रविवारी सकाळी आम्ही गच्चीवर जमायचो ते माती कालवायला. पण माती कालवताना हात गुंतलेले असतात आणि तोंड मोकळं असतं. त्यामुळे दुपारी खाली उतरताना भरलेल्या कुंड्या असायच्या दोन आणि झालेले किस्से चार! त्या कुंड्यांमधली निम्मी झाडं पुढे मरून गेली. किस्से मात्र अजून टवटवीत आहेत, आणि कुणी माती म्हटलं की एकामागून एक वर येतात.

परवा एका मैत्रिणीने ऑनलाइन मागवलेलं मातीचं पाकीट दाखवलं. वर गुलाबाचं चकचकीत चित्र, कोपरा कापायचा आणि कुंडीत ओतायचं. झालं गार्डनिंग! मी तिला म्हटलं, "अगं, पण यात भांडण कुठे आहे?"

ती माझ्याकडे बघतच राहिली. तिला एका वाक्यात सांगता येईना, म्हणून आता लिहायलाच बसले.

टीव्ही सेंटरच्या मागे आमची तीन मजली, बिनलिफ्टची बिल्डिंग. मी तेव्हा बॉटनीत एमएस्सी करत होते. शहरातल्या सगळ्या गच्च्या हिरव्या करायला फार तर दोन वर्षं लागतील, असं मी धरून चालले होते. माझ्या जाहीर आवाहनाला अख्ख्या बिल्डिंगमधून दोन माणसं आली. एक दुसऱ्या मजल्यावरच्या कुलकर्णी बाई. भूगोलाच्या रिटायर्ड शिक्षिका. आयुष्यभर फळ्यावर मातीचे प्रकार शिकवले, प्रत्यक्ष हातात घेतली ती साठीनंतर. दुसरे तळमजल्यावर कुलर दुरुस्तीचं दुकान चालवणारे शकीलभाई. मूळचे खुलताबादचे, गुलाबांचे वेडे.

"अच्छा है मॅडम," शकीलभाई म्हणाले, "दो तुम, दो हम... नहीं, तीनच हैं. चलो, तीन में भी काम होता."

चौथा माणूस अजून यायचा होता.

*

पहिल्याच रविवारी मी दोघांना रीतसर लेक्चर दिलं. कुंडीतली माती हलकी हवी, पाणी धरणारी हवी आणि जास्तीचं पाणी सोडणारीही हवी. म्हणून तिच्यात शेणखत घालायचं आणि कोकोपीट घालायचं, म्हणजे नारळाच्या काथ्याचा भुसा. तो दाबून केलेली वीट मिळते, ती आधी भिजवावी लागते.

बाई म्हणाल्या, "भिजवते मी घरी. साबुदाणा भिजवणाऱ्या बाईला काय अवघड आहे?"

बाईंनी वीट बाथरूममधल्या बादलीत टाकली, वरून पाणी ओतलं आणि भाजी आणायला गेल्या. इकडे त्यांचे यजमान, कुलकर्णी सर उठले. आमच्याकडे नळाला पाणी चार-पाच दिवसांनी यायचं, त्यामुळे भरलेली बादली दिसली की अंघोळ उरकून घ्यायची, ही सगळ्या बिल्डिंगची सवय. सरांनी चष्मा काढून ठेवला, मंत्र पुटपुटत तांब्या बुडवला आणि डोळे मिटून डोक्यावर ओतला.

बाई परत आल्या तेव्हा सर टॉवेल गुंडाळून हॉलमध्ये उभे होते. डोक्यापासून खांद्यांपर्यंत तपकिरी.

"अगं," सर हताशपणे म्हणाले, "आज नळाला काय सोडलंय यांनी?"

बाईंनी पिशवी खाली टाकली. "हलू नका! आधी ते सगळं बादलीत झाडा!"

*

जूनच्या सुरुवातीला तिसऱ्या मजल्यावर नवीन कुटुंब राहायला आलं. मुलगा बँकेत, सून शाळेत, आणि मुलाचे वडील, ज्यांना सगळे अप्पा म्हणायचे. पांढरा सदरा, टोपी, आवाज असा की खालच्या रस्त्यावरचा माणूस वळून बघेल. ट्रकमधून कपाट उतरलं, फ्रिज उतरला, सोफा उतरला आणि मग पोती उतरायला लागली.

"वर्षाचं धान्य भरून आणलंय वाटतं," बाई कौतुकाने म्हणाल्या.

हमाल तिसऱ्यांदा जिना चढत होता. तो थांबला, घाम पुसला आणि म्हणाला, "धान्य कशाचं बाई? माती हाय! लोकं माती घराबाहेर टाकायला बोलवतेत. हे पहिलंच घर बघितलं, वर चढवायला बोलावणारं!"

अप्पांचं वावर करमाडला होतं. शेंद्र्याच्या बाजूने कारखाने सरकत सरकत आले आणि त्यात ते गेलं. मोबदला मिळाला, मुलाने फ्लॅट घेतला, सगळं कसं रीतसर. फक्त ताबा द्यायच्या आधी अप्पांनी विहिरीजवळच्या तुकड्यातली वरची माती पोत्यांत भरून घेतली.

मी विचारलं, "अप्पा, असं चालतं का?"

"का नाय चालत? जमिनीवर सही घेतली त्यांनी, दिली. मातीची सही कुणी मागितलीच नाय!"

"आणि तिचं इथे काय करणार?"

अप्पा पहिल्यांदाच हळू बोलले. "शेवटच्या साली पेरूच दिलं नाय, पोरी. मोजणीवाले आले. ज्वारीच नाय तर हुरडा कुठला? जन्मल्यापासून हुरड्याबिगर थंडी गेली नवती माझी. एक डाव या मातीतला हुरडा खायचा हाय. मग टाका ही पोती कुठं टाकायची ती."

मला शहर हिरवं करायचं होतं आणि अप्पांना मूठभर हुरडा हवा होता. अर्थात माझं ध्येय मला फार मोठं वाटत होतं!

*

शकीलभाईंनी जुन्या कुलरचे तळाचे टब दिले. अप्पांनी त्यांत काळी माती काठोकाठ भरली. नुसती काळी माती. मी तळमळून सांगितलं, "अप्पा, ही शेतात सोनं असेल, पण कुंडीत चालत नाही. पावसात चिखल होतो, उन्हात दगड होतो. हिच्यात काहीतरी मिसळावं लागेल."

"मास्तरीणबाई," अप्पांनी माझं नाव तिथेच ठरवून टाकलं, "या मातीनं आमच्या चार पिढ्या जगवल्या. तुझं मिरचीचं रोप जगणार नाय व्हय?"

नाही जगलं. पावसाळाभर टबांत तळी साचली आणि मिरच्या मुळापासून कुजल्या. अप्पा म्हणाले, मिरची नाजूकच असते, ज्वारीचं बघा. पाऊस ओसरल्यावर त्यांनी ज्वारी पेरली. ती उगवली मात्र झकास! अप्पा दोन आठवडे नुसते मिशीत हसत होते. मग ऑक्टोबरचं ऊन आलं. मातीला भेगा पडल्या, इतक्या रुंद की बाईंचा चमचा एका भेगेत पडला तो दिसेना. रानात खाली खोल ओल असते, मुळं तिथवर उतरतात. इथे वीतभर खाली पत्रा आणि त्याखाली स्लॅब. माती आक्रसून टबाच्या कडेपासून सुटली. अप्पा वरून पाणी घालायचे, ते कडेच्या फटीतून सरळ खालच्या भोकात आणि भोकातून थेट भिंतीवरून खाली.

एके सकाळी दुसऱ्या मजल्यावरच्या बाल्कनीतून बाईंचा आवाज आला, वर्गात मागच्या बाकापर्यंत पोचायचा तसा.

"अप्पा! तुमचं शेत माझ्या कांजीवरमवर उतरलंय!"

ज्वारी दिवाळीच्या आत पिवळी पडली आणि गेली. अप्पांनी वाळलेली ताटं उपटली, जुडी बांधली आणि ती घेऊन खाली गेले. त्या थंडीत ते गच्चीवर फारसे दिसले नाहीत. एकदा त्यांच्या मुलाने बाजारातून हुरडा आणला होता. सून सांगत होती, "अप्पांनी वास घेतला, आणि म्हणाले, पोरांना द्या."

*

मातीचा पोत कसा बघायचा, यासाठी बाईंनी स्वतःची परीक्षा शोधून काढली होती. कालवलेल्या ओल्या मातीचा लाडू वळायचा. वळला पाहिजे, म्हणजे ओल धरते. मग बोटाने टोचायचा. फुटला पाहिजे, म्हणजे मोकळी आहे.

"रव्याच्या लाडवासारखा हवा," बाई म्हणायच्या, "डिंकाच्या नको."

संक्रांतीनंतरच्या रविवारी आम्ही अप्पांना आग्रह करून वर आणलं. बाईंचा लाडू टोचल्याबरोबर भुरभुरला. शकीलभाईंचा वळताच आला नाही. "मेरा तो बूंदी हो गया!" मग अप्पांनी आपल्या पोत्यातली ओली काळी माती घेतली, दोन्ही तळव्यांत असा काही गोळा वळला की कुंभाराने बघत राहावं. बाईंनी टोचलं, बोट शिरलं नाही. म्हणाल्या, जरा सुकू दे. उन्हात ठेवला. तासाभराने शकीलभाईंनी तो उचलला आणि खाली सोडला.

टण्ण!

गच्चीच्या फरशीचा टवका उडाला, लाडू जसाच्या तसा.

आम्ही तिघं अप्पांकडे बघायला लागलो. आता तरी पटेल! अप्पांनी लाडू उचलला, फिरवून फिरवून पाहिला आणि छाती फुगवून म्हणाले,

"बघा! फुटत नाय! करमाडचा माल हाय!"

*

मार्चमध्ये शकीलभाईंच्या दुकानात गर्दी उसळायची. सगळं शहर एकाच आठवड्यात कुलर बाहेर काढायचं. जुन्या कुलरच्या जाळीतून निघालेल्या गवताचा ढीग दुकानासमोर साचायचा. शकीलभाई म्हणाले, "मॅडम, ये घास ले लो मिट्टी में डालने. हलका भी है, फुकट भी है." माझ्या अंगावर रोमांच उभे राहिले. टाकाऊ वस्तूचा पुनर्वापर! आम्ही गवत कापून कापून प्रत्येक कुंडीत मिसळलं.

आठवड्याभरात टोमॅटोच्या पानांच्या कडा जळल्या. मग वांगी. मग शकीलभाईंचे स्वतःचे गुलाब!

शकीलभाई डोक्याला हात लावून बसले. "क्या तमाशा है! इस घास पे पूरा मोहल्ला ठंडा होता. अकेला टमाटा गरम होरा!"

बाईंनी उरलेल्या गवताची एक काडी उचलली. तिच्यावर पांढरी खपली होती. आमच्याकडे कुलरला बोअरचं पाणी, आणि आमच्या बोअरचं पाणी म्हणजे निम्मं पाणी आणि निम्मे क्षार. बाईंनी खपली जिभेला लावली. स्वच्छतेचं एवढं खूळ असलेल्या बाईंनी! दोन क्षण विचार केला.

"शकीलभाई, हे मीठ आहे."

"हौ, मीठ तो रहताच है उस पे. गर्मी भर वही खुरचता मैं."

"मग बोलला का नाहीत?"

"आप लोग पढ़े-लिखे," शकीलभाई म्हणाले, "मेरे को लगा, नमक बराबर डाल रहे होंगे!"

*

मे महिन्यात माती उन्हात पसरायची, म्हणजे तिच्यातली बुरशी आणि किडीची अंडी मरतात. अप्पांना एवढं एक पटलं होतं. "नांगरून तापवतो तसंच की!" त्यांनी अर्ध्या गच्चीवर प्लॅस्टिक अंथरलं आणि करमाडची दोन पोती माती बोटभर थरात पसरली.

उरलेल्या अर्ध्या गच्चीवर बाईंच्या कुरडया होत्या. जुन्या साडीवर, पांढऱ्याशुभ्र, ओळीत, शाळेच्या प्रार्थनेला मुलं उभी असावीत तशा.

दुपारी वावटळ आली. गच्चीवर तिने दोन-तीन गिरक्या घेतल्या आणि शेजारच्या बिल्डिंगवर निघून गेली. आम्ही धावत वर गेलो तेव्हा अर्धी गच्ची रिकामी होती आणि अर्ध्या गच्चीवर चॉकलेटी कुरडया!

बाई काही बोलल्या नाहीत. शिक्षिका रागावून बोलत नाही तेव्हा काय असतं, ते आमच्या पिढीला ठाऊक आहे. त्यांनी एकेक कुरडई उचलून ब्रशने झटकली. अप्पा शेजारी उभे राहून टोपी काढत होते आणि घालत होते. शेवटी बाईंनी त्यातल्याच चार तळल्या आणि बशी अप्पांच्या पुढे धरली. खाण्यावाचून इलाज नव्हता. अप्पांनी एक तोंडात घातली. दाताखाली कचकन वाजलं.

अप्पांचा चेहरा एकदम खुलला. "बाई, इहिरीजवळची हाय ही!"

*

जुलैत धुवाधार पाऊस लागला आणि तिसऱ्या मजल्याच्या छतातून पाणी ठिबकायला लागलं. सोसायटीचे सेक्रेटरी वर आले. सरकारी कचेरीत मोठ्या हुद्द्यावर असलेला माणूस. गच्चीवरसुद्धा इस्त्रीचा शर्ट.

"हे सगळं खाली उतरवा. भिजलेल्या मातीचं वजन किती असतं, कल्पना आहे? स्लॅब खचेल. आणि छत गळतंय ते कुणाचं? अप्पा, तुमच्याच बेडरूमचं!"

"मग तक्रार कुणी केली?" अप्पांनी विचारलं.

"तक्रार म्हणजे... नियम आहे."

"माझं छत, माझं डोकं, माझ्याच मातीचं पाणी. माझी तर काय तक्रार नाय!"

शकीलभाईंनी भंगारवाल्याचा लोंबता काटा आणला. एका घमेल्यात अप्पांची भिजलेली काळी माती, दुसऱ्यात आमची कालवलेली. वजन केलं. आमचं घमेलं निम्म्याहूनही हलकं! मी विजयी मुद्रेने सेक्रेटरींकडे पाहिलं.

"ठीक आहे," ते म्हणाले. "कुंड्या हलक्या मातीच्या असतील तर बघू. पण ही काळी माती आणि हे पत्र्याचे टब जानेवारीअखेर गच्चीवरून गेले पाहिजेत. मी स्वतः बघायला येईन."

जानेवारीअखेर! म्हणजे अप्पांच्या हातात ज्वारीचा एकच हंगाम होता. ते काट्यावरच्या आपल्या घमेल्याकडे बघत उभे होते. मग म्हणाले, "वजन तर असणारच की. माती हाय ती. कापूस नाय."

*

आता मिसळण्यावाचून गत्यंतर नव्हतं. मी हिशेब मांडला: चार घमेल्यांत एक घमेलं काळी माती, बाकी कोकोपीट, शेणखत आणि भुईमुगाची टरफलं. थोडी निंबोळी पेंड. अप्पा ऐकून घेत होते. मी पेंडीपर्यंत आले आणि ते उठले.

"ही तर भेसळ झाली!"

"अप्पा, भेसळ नाही, मिश्रण—"

"दूधवाला बी असंच म्हणतो! असल्या मातीत पिकलं तर ते माझ्या वावरातलं कसं म्हणायचं? टरफलातलं म्हणा, नारळातलं म्हणा. मग बाजारातनं आणलेला हुरडा काय वाईट हाय?"

मी जमिनीच्या सुपीकतेवर बोलायला सुरुवात केली, आणि शकीलभाईंनी मला डोळ्यांनीच थांबवलं. बाई शांतपणे टरफलं चुरत होत्या.

"अप्पा, तुमच्याकडे दही लावायचे ना?"

"लावायचे म्हंजे? डेरे भरायचे!"

"विरजण किती घालायचे हो? पातेलंभर?"

"पातेलंभर कशाला? चमचाभर."

"आणि दूध शेजारणीकडचं, विरजण तुमच्या घरचं असलं, तर दही कुणाच्या घरचं लागतं?"

अप्पांनी टरफलांचा चुरा चिमटीत घेऊन पाहिला. मग त्यांनी सदऱ्याच्या बाह्या वर सारल्या, टोपी काढून कठड्यावर ठेवली आणि स्वतःच्या पोत्यातलं एक घमेलं भरून आमच्या ढिगाच्या मध्यावर ओतलं. दोन्ही हातांनी, तळापासून वर, तळापासून वर कालवायला लागले.

"मास्तरीणबाई, बघती काय? पाणी शिंपड. विरजण मोडलं तर पुन्ना माझ्या नावानं वरडू नको!"

*

ज्वारी आली! टबांत ती अप्पांच्या खांद्याला लागली. वारा सुटला की गच्चीच्या त्या कोपऱ्यात सळसळायचं आणि शकीलभाई दुकान सोडून फक्त ते ऐकायला वर यायचे. टबांच्या कडेने अप्पांनी विटांची एक ओळ लावून घेतली होती. मी विचारलं, कशाला? म्हणाले, "उगं."

कणसं निसवून बाहेर पडली आणि पोपट आले. अप्पा पहाटेच प्लॅस्टिकची खुर्ची टाकून बसायचे आणि पोपट दिसले की हाळी द्यायचे. ती हाळी चार बिल्डिंगांपलीकडे जायची. मला काळजी, आता पुन्हा तक्रार! त्यातच शेजारच्या बिल्डिंगच्या गच्चीवर ज्येष्ठ नागरिकांचा हास्यक्लब भरायचा. दहा-बारा माणसं वर्तुळात उभी राहून हात वर करून मोठमोठ्याने हसायची.

मी एका सकाळी भीत भीत विचारलं, "अप्पा, शेजारचे काही म्हणाले का तुम्हाला?"

"ते? लई मोठ्या मनाची माणसं हायत," अप्पा गहिवरून म्हणाले. "वळख ना पाळख, पर माझे पोपट हाकायला रोज समदे मिळून वरडतेत!"

*

जानेवारीतल्या एका रविवारी अप्पांनी कणीस चिमटीत धरून दाणा दाबला. घट्टसर दूध आलं. "आजच," ते म्हणाले.

घमेल्यात गोवऱ्यांची आगटी केली. शकीलभाईंनी फुंकून फुंकून डोळे लाल करून घेतले. बाईंनी शेंगदाण्याची चटणी, गूळ आणि घरी लावलेलं दही आणलं. कणसं अगदीच थोडी होती, पोपटांनी आपला वाटा नेलाच होता. अप्पांनी ती निखाऱ्यात फिरवली, गरम गरम तळहातावर चोळली आणि फुंकर मारून भूस उडवली. हिरवट, वाफाळता, मूठभर हुरडा.

"अप्पा, आधी तुम्ही," बाई म्हणाल्या.

अप्पांनी चिमूट तोंडात टाकली. डोळे मिटले. आम्ही तिघंही श्वास रोखून त्यांच्या जबड्याकडे बघत होतो. ते चावत राहिले, चावत राहिले. मग डोळे उघडले.

"जरा निबर झाला," ते म्हणाले. "गुरवारीच काढाय पायजे होता. पर ही मास्तरीणबाई म्हनती, मला परीक्षा हाय, रविवारी काढा!"

आणि टोपीच्या टोकाने त्यांनी डोळे पुसले. आगटीचा धूर होताच.

आम्ही सगळे एकदम बोलायला लागलो. शकीलभाई दही वाढत होते, बाई मला चटणी कमी घे म्हणत होत्या. तेवढ्यात जिन्याचं दार वाजलं. सेक्रेटरी! इस्त्रीचा शर्ट, हातात किल्ल्या.

"धूर कसला? आणि जानेवारी संपत आला. हे टब अजून..."

ते सरळ चालत टबांपर्यंत आले, विटांवर चढले आणि ज्वारीची ताटं बाजूला सारून आत बघायला लागले. मी काहीतरी बोलायला पुढे होणार होते, पण अप्पा आधीच उठले होते. त्यांनी शेवटचं कणीस निखाऱ्यातून काढलं, चोळलं, फुंकलं आणि मूठ सेक्रेटरींच्या पुढे उघडली.

"आधी खाऊन घ्या सायेब. गार झाला की मजा नाय."

सेक्रेटरी घुटमळले. किल्ल्या खिशात टाकल्या. चिमूटभर घेतला, मग पुन्हा घेतला, मग उरलेला सगळा तळहातावर ओतून घेतला.

"हा बाजारातला नाही," ते म्हणाले. "लहानपणी मामाकडे पिशोरला खायचो असा. कुठला हो अप्पा?"

"आमच्या रानातला."

"पण तुमचं रान तर गेलं ना? करमाडला होतं म्हणत होतात. तिथून आणला? एवढ्या लांबून?"

"लांब कशाचं?" अप्पांनी तळहात झटकले. "तुमी बांधावरच हुबे हाव की."

सेक्रेटरींनी खाली पाहिलं. मग ते हळूच विटांवरून मागे उतरले, पायातल्या चपला काढल्या आणि जिन्याच्या दाराशी ठेवून आले.